मोटार घेण्याआधी विहीर मोजा

दौंड-इंदापूरकडचे ग्राहक मोठी मोटार मागायला येतात ते बहुतेक कालव्याच्या पाण्याच्या दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत. खडकवासला धरणातून कालव्याला सोडलेलं आवर्तन (पाण्याची पाळी) संपलेलं, पुढचं कधी ते कळत नाही आणि विहीर तळाला. अशा वेळी मोठी मोटार बसवली तर विहीर फक्त लवकर आटते. पंप विकणं हा आमचा धंदा, तरी हे आधी सांगतो.

आपला खडक बेसॉल्टचा. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि फुटलेल्या थरात. खाली काळा पाषाण लागला की एखादी भेग मिळाली तर मिळाली. शिवाय ६० मीटरपेक्षा खोल बोअरवर राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याचं बंधन आहे.

कालवा वाहतो तेव्हा त्याच्या आणि पाटांच्या पाझराने आसपासच्या विहिरी चढतात. म्हणजे ‘माझी विहीर’ म्हणतो त्यातलं बरंचसं पाणी नदीचंच. पाळी आली की मोटार बंद ठेवा, पाटाचं पाणी द्या आणि विहीर भरू द्या. तीच विहीर खंडाच्या दिवसांत ठिबकला पुरवा. बरेच जण पाळीतही दोन्हीकडून पाणी सोडतात. मग उसाच्या मुळाशी नको तितकं पाणी, आणि चैत्रात बोंब.

किती पुरेल याचा हिशोब घरीच होतो. २० फूट व्यासाच्या गोल विहिरीत १ फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. उपसा झाल्यावर दोरीला दगड बांधून पातळी बघा, मोटार न लावता २४ तासांनी पुन्हा बघा. ३ फूट चढलं तर साधारण २७ हजार लिटर. एका एकरावर १ मिलिमीटर पाण्याचा थर म्हणजे ४,०४७ लिटर. भर उन्हात वाढलेल्या उसाला दिवसाला ७ मिलिमीटर धरले तर एकरी २८ हजार होतात. म्हणजे ही विहीर जेमतेम एक एकर ऊस तगवेल. तीन एकर लावलेत, तर दोन एकरांचं काय ते आत्ताच ठरवा.

बोअरचं पाणी मचूळ लागत असेल तर तपासून घ्या. उगवणीला कालव्याचं द्या, रोप सावरल्यावर बोअरचं किंवा दोन्ही मिसळून. जमिनीवर क्षाराचा पांढरा थर दिसू लागला की आधी निचरा बघा.

मोटार बघायला याल तेव्हा विहिरीचा व्यास आणि दोरीची दोन्ही मापं कागदावर लिहून आणा.