पेंढ्याचं इथेनॉल : बुरशीच्या एन्झाइमची पार्श्वभूमी

पेंढ्यापासून इथेनॉल म्हटलं की आपल्याकडे चर्चा थेट पानिपतच्या प्लांटवर येते, पण पेंढ्यातलं सेल्युलोज (ग्लुकोजच्या लांब साखळ्या) फोडून त्याची साखर करणाऱ्या बुरशीच्या एन्झाइमचा माग काढत गेलं तर आपण पोचतो दुसऱ्या महायुद्धात, सॉलोमन बेटांवर. तिथल्या दमट हवेत अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजून फाटायला लागले, म्हणून कुजक्या कापडावरच्या बुरश्या गोळा करून लॅबमध्ये नेल्या. तेव्हा इंधन कुणाच्या डोक्यातही नव्हतं, कापड वाचवायचं होतं. त्यातलीच एक ट्रायकोडर्मा, पुढे एका संशोधकाच्या नावावरून तिला ट्रायकोडर्मा रीसी म्हणायला लागले, आणि आज इंडस्ट्रीत या जातीचे जे स्ट्रेन (उपप्रकार) चालतात ते जवळपास सगळे त्या एकाच नमुन्याचे वंशज आहेत.

१९७३ला तेलाचे भाव भडकले आणि सगळं उलटलं, जी बुरशी मारायची होती तीच वाढवायला पैसे मिळायला लागले. रेडिएशन आणि केमिकल देऊन तिच्यात म्युटेशन घडवली, १९७९च्या सुमारास रूट सी-३० नावाचा स्ट्रेन हाती आला, जो समोर ग्लुकोज असतानाही एन्झाइम बनवत राहतो (मूळ बुरशी अशा वेळी काम थांबवते). मग ऐंशीच्या दशकात तेल स्वस्त झालं, निधी आटला आणि हेच एन्झाइम जीन्सना जुनाट लुक द्यायला वापरात आले.

पण या इतिहासातला खरा घोळ आहे सी-वनचा, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. १९५०मध्ये लष्कराच्याच लॅबमधून एक मांडणी आली की कापसासारखं घट्ट स्फटिकी सेल्युलोज आधी काहीतरी सैल करतं, ते सी-वन, आणि सैल झालेल्या साखळ्या सी-एक्स तोडतं. सी-वन वेगळं काढायला लोक वर्षानुवर्षं झटले आणि हाती लागलं ते साखळीच्या टोकाकडून दोन-दोन ग्लुकोज काढणारं एन्झाइम. मग सगळ्यांनी मान्य केलं की एक एन्झाइम मधून कापतं, एक टोकाकडून खातं, तिसरं उरलेल्या जोड्या फोडतं, एवढं पुरे, सैल करणारं वेगळं काही नाही. १९७४ सालीच स्वीडनमध्ये दिसलं होतं की ऑक्सिजन असेल तर बुरशीचे एन्झाइम सेल्युलोज जास्त वेगाने फोडतात, पण ते बाजूलाच पडलं. शेवटी २०१०च्या आसपास तांब्याचा अणू धरून बसलेली, ऑक्सिडेशन करून साखळी थेट स्फटिकाच्या पृष्ठभागावरच तोडणारी एन्झाइम सापडली, एलपीएमओ. गंमत म्हणजे ट्रायकोडर्मातलं असलंच एक एन्झाइम आधीपासून माहीत होतं, फक्त ते मधून कापणारं, आणि तेही कमजोर, म्हणून नोंदवलेलं होतं! एलपीएमओ म्हणजेच सी-वन हे काही जण मानत नाहीत, ते ठीक आहे, पण माझ्या मते १९५०चा प्रश्न बरोबर होता आणि तो लवकर मिटवला गेला.

याचा परिणाम थेट टाकीत दिसतो. एलपीएमओला ऑक्सिजन किंवा पेरॉक्साइड लागतं, आणि एन्झाइम व यीस्ट एकाच टाकीत टाकून खर्च वाचवायचा जुना फॉर्म्युला वापरला तर यीस्ट सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतं, म्हणून बरेच जण आधी काही तास फक्त एन्झाइम चालवतात आणि मग यीस्ट घालतात.

२०१३ ते २०१५मध्ये इटलीत आणि अमेरिकेतल्या आयोवा, कॅन्ससला असं इथेनॉल बनवणारे मोठे प्लांट सुरू झाले आणि पाच-सहा वर्षांत बंद पडले किंवा विकले गेले. खापर एन्झाइमच्या किमतीवर फुटतं, पण गठ्ठ्यांबरोबर येणारी माती-दगड आणि मशिनमध्ये अडकणारा कच्चा माल यांनीही तेवढंच छळलं.

आपल्याकडे २०१८च्या जैवइंधन धोरणाने आणि २०१९च्या अनुदान योजनेने दार उघडलं. पानिपतचा प्लांट ऑगस्ट २०२२मध्ये सुरू झाला, वर्षाला २ लाख टन भाताचा पेंढा आणि रोज १ लाख लिटर इथेनॉल अशी क्षमता, टेक्नॉलॉजी पुण्याच्या कंपनीची. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रण आपण गाठलं ते मात्र ऊस, मका आणि तांदळाच्या जोरावर, पेंढ्याचा वाटा त्यात अजून अगदीच किरकोळ आहे.