उलट्या फिरलेल्या गाडीखालची हवा

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील डेटोना ५०० या मोटार शर्यतीच्या शेवटच्या काही फेऱ्यांत चालक रायन प्रीस यांच्या गाडीचे नाक अचानक वर उचलले गेले, काही अंतर ती मागच्या चाकांवर उभी राहिल्यासारखी धावली आणि मग छतावर उलटली. याच ट्रॅकवर ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांचीच गाडी सरळ पट्ट्याकडेच्या गवतात शिरून दहाएक कोलांट्या खाऊन थांबली होती. दोन्ही वेळा प्रीस वाचले. अशा प्रसंगी धक्का कोणी दिला यावर खूप चर्चा होते. पण दीड टनाची गाडी मुळात जमीन सोडतेच कशी, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे आणि तो फार जुना आहे.

शर्यतीच्या गाडीचा आकार ती पुढे जात असताना हवेने तिला जमिनीशी दाबून धरावे अशा बेताने ठरवलेला असतो. तीच गाडी गिरकी घेऊन पाठमोरी झाली की सगळा हिशेब फिरतो. आता मागची काच हवेला सामोरी येते, छताच्या फुगीर पाठीवरून हवा वेगाने सरकते, तिथला दाब घटतो आणि त्याच वेळी मागच्या बाजूने गाडीखाली हवा घुसते. म्हणजे गाडीचे विमानाच्या पंखासारखे काहीतरी होऊन बसते. हे उचलणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट झाला तर बल सव्वादोन पट होते. त्यामुळे ठरावीक वेगापर्यंत नुसती घसरत जाणारी गाडी त्यापुढे थोडाही वेग वाढला की हवेत जाऊ शकते.

ही मर्यादा सर्वांत आधी ज्या ठिकाणी गाठली जाणार होती ते ठिकाण म्हणजे अलाबामातील टॅलाडेगा. १९६९ साली सुरू झालेला हा २.६६ मैलांचा ट्रॅक असून त्याची वळणे ३३ अंशांनी कललेली आहेत, त्यामुळे वळणावरही वेग फारसा कमी करावा लागत नाही. पहिल्याच शर्यतीच्या वेळी टायर तग धरणार नाहीत म्हणून रिचर्ड पेटी यांच्यासह अनेक नामवंत चालकांनी भाग घ्यायला नकार दिला होता. पुढे टायर सुधारले, इंजिने सुधारली, आणि १९८७ च्या वसंतात बिल एलियट यांनी पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैल, म्हणजे सुमारे ३४२ किलोमीटर वेग गाठला.

त्याच शर्यतीत, ३ मे १९८७ रोजी, बॉबी ॲलिसन यांच्या गाडीचे इंजिन फुटले आणि त्याच्या तुकड्यांनी मागचा उजवा टायर कापला गेला. गाडी गर्रकन फिरली, शेपटीकडून वर उठली आणि मुख्य प्रेक्षागारासमोरच्या तारेच्या जाळीवर पाठमोरी आदळली. जाळीचा मोठा भाग उखडला, लोखंडाचे तुकडे प्रेक्षकांत गेले, काहीजण जखमी झाले. गाडी आणखी थोडी वर उठली असती तर काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. जाळी दुरुस्त होईपर्यंत दोन तासांहून अधिक काळ शर्यत थांबवावी लागली. ती अखेर जिंकली ॲलिसन यांच्याच मुलाने, डेव्ही यांनी.

या शर्यती भरवणाऱ्या नासकार या अमेरिकी संस्थेने केलेला पहिला उपाय साधा होता. १९८८ पासून टॅलाडेगा आणि डेटोना येथे कार्ब्युरेटरखाली चार भोके पाडलेली धातूची पट्टी बसवणे सक्तीचे झाले. इंजिनाला हवा कमी मिळाली, ताकद घटली, वेग उतरला. हा निर्णय योग्यच होता, असे मला ठामपणे वाटते. पण त्याची एक किंमत होती. सगळ्यांची ताकद सारखीच आवळली गेल्यामुळे कोणालाच पुढे निसटता येईना. तीस-चाळीस गाड्या एकमेकींना खेटून, तीन-तीन रांगांत धावू लागल्या आणि एकाच्या चुकीत वीसजण सापडू लागले. अशा वेळी सगळा दोष चालकांच्या उतावीळपणावर टाकणे अन्यायाचे आहे, कारण तो घोळका नियमांनीच घडवला होता.

वेग उतरवूनही गाड्या उडायच्या थांबल्या नाहीत. १९९३ मध्ये रस्टी वॉलेस यांची गाडी आधी डेटोनाला आणि मग टॅलाडेगाला हवेत कोलांटली. त्यानंतर १९९४ मध्ये छतावरच्या झडपा आल्या, आणि या खेळातली ती सर्वांत समंजस कल्पना म्हणावी लागेल. छताच्या मागच्या भागातील खाचांत बिजागरीवर दोन पत्रे बसवलेले असतात. गाडी पुढे जात असताना ते सपाट पडून राहतात. गाडी पाठमोरी होताच छतावरचा कमी झालेला दाबच त्यांना उचलून उभे करतो. चालकाला काही करावे लागत नाही आणि मोटारही लागत नाही. उभ्या झडपा छतावरचा हवेचा प्रवाह मोडतात आणि उचलणारे बल कोसळते. या पत्र्यांनी किती गाड्या जमिनीवर ठेवल्या याची मोजदाद कठीण आहे, कारण न उडालेल्या गाडीची बातमी होत नाही. मात्र धडकेपुढे त्यांचे काही चालत नाही. २००९ मध्ये टॅलाडेगाच्या शेवटच्या फेरीत कार्ल एडवर्ड्स यांची उठू लागलेली गाडी मागून आलेल्या गाडीने उडवली आणि ती थेट जाळीत गेली.

उघड्या चाकांच्या गाड्यांच्या इंडीकार या अमेरिकी शर्यत मालिकेत धोक्याचे रूप वेगळे आहे. तिथे एका गाडीचे चाक दुसरीच्या चाकावर चढले तरी गाडी उडते. १६ ऑक्टोबर २०११ रोजी लास व्हेगासच्या दीड मैलाच्या ट्रॅकवर ३४ गाड्या सोडण्यात आल्या. अकराव्या फेरीत १५ गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि त्याच वर्षी इंडियानापोलिस ५०० जिंकलेले डॅन व्हेल्डन यांची गाडी उडून जाळीवर गेली. त्यांचा मृत्यू झाला. ज्या नव्या गाडीच्या चाचण्या त्यांनीच घेतल्या होत्या, तिला नंतर त्यांच्या आद्याक्षरांवरून डीडब्ल्यू१२ हे नाव देण्यात आले. चाकावर चाक चढू नये म्हणून तिच्या मागच्या चाकांमागे आच्छादन होते. तरीही मे २०१५ मध्ये इंडियानापोलिसला हेलिओ कॅस्ट्रोनेव्हेस, जोसेफ न्यूगार्डन आणि एड कार्पेंटर यांच्या गाड्या पाच दिवसांत उलटल्या. तिघांच्याही गाड्या भिंतीला लागून पाठमोऱ्या झाल्यावरच वर उठल्या, आणि पात्रता फेरीसाठी इंजिनाची ताकद ऐनवेळी घटवावी लागली.

नासकारने २०२२ मध्ये आणलेल्या गाडीचा तळ सपाट आहे. अशा गाडीची एक बाजू जरा उचलली गेली, तरी खालून ढकलायला हवेला मोठा पृष्ठभाग मिळतो. ऑगस्ट २०२४ मध्ये मिशिगनला कोरी लाजॉय यांची गाडी उलटली. पुढच्याच आठवड्यात डेटोनाच्या शर्यतीसाठी प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेच्या उजव्या बाजूला हवा अडवणारी उभी पट्टी लावण्यात आली होती. त्या शर्यतीत मायकेल मॅकडॉवेल यांची गाडी पाठमोरी होऊन उचलली गेली, पण पुन्हा चाकांवर आली; जॉश बेरी यांची मात्र छतावर उलटली आणि तशीच घसरत जाऊन आतल्या भिंतीवर आदळली.