सुपारी फुटली आहे, पण मुलगा आत आहे : पॅरोल, फर्लो आणि लग्नाची तारीख

(सांगलीतील आमच्या वकिली कार्यालयाकडून, आमच्याकडे वकीलपत्र दिलेल्या पक्षकारांच्या घरच्यांसाठी. ही जाहिरात नाही. कार्यालयात बसल्याबसल्या वाचा, हवं तर घरी न्या.)

तुळशीची लग्नं लागली की विजयनगरच्या आमच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. "पोरगा कळंब्याला आहे, लग्न ठरलंय. पॅरोल किती दिवसांचा मिळंल?" कळंबा म्हणजे कोल्हापूरचं मध्यवर्ती कारागृह. प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून हे पत्रक.

मागे एकदा तासगाव भागातल्या एक मावशी आल्या. सोबत होणारी सून. मावशींनी पिशवीतून पत्रिकांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. चारही कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलेलं, वर कुलदैवताचं नाव, खाली मंगल कार्यालयाचा पत्ता. लग्न नऊ दिवसांवर आलेलं. रजेच्या अर्जाचं विचारलं तर म्हणाल्या, "त्यानं आतनं दिलाय की." चौकशी केल्यावर कळलं की अर्ज पोलीस अहवालासाठी ठाण्यात आलेला होता आणि अहवाल अजून गेलाच नव्हता. लग्न त्या तारखेला झालं नाही. मंगल कार्यालयाला दिलेली इसार रक्कम गेली, आचाऱ्याचे पैसे गेले. पण आमच्या लक्षात राहिली ती मुलगी. ती सगळा वेळ गप्प होती. उठताना तिनं एवढंच विचारलं, "मग तारीख आता भटजींकडनं घ्यायची का साहेबांकडनं?"

तिला जे उत्तर दिलं तेच तुम्हाला देतो. आधी रजेचा आदेश हातात घ्या, मग भटजींकडे जा.

आतल्या भाषेत दोन वेगळ्या रजा

बाहेर आपण सगळ्यालाच पॅरोल म्हणतो. कारागृहाच्या कागदावर मात्र दोन शब्द दिसतील. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा आणि फर्लो म्हणजे संचित रजा. दोन्ही १९५९ च्या फर्लो आणि पॅरोल नियमांखाली चालतात. या नियमांत २०१६ आणि २०१८ मध्ये मोठे बदल झाले आहेत, त्यामुळे "आमच्या पाहुण्याला दहा वर्षांपूर्वी असं मिळालं होतं" या माहितीवर जाऊ नका.

पॅरोल कारणासाठी मिळतो. तातडीच्या पॅरोलची कारणं नियमात लिहिलेली आहेत : जवळच्या माणसाचं निधन, आणि मुलगा, मुलगी, भाऊ किंवा बहीण यांचं लग्न. नियमित पॅरोलच्या कारणांत आई-वडील, पत्नी, मुलं यांचं गंभीर आजारपण, पत्नीचं बाळंतपण, घर पडणं, पूर, आग, भूकंप हे येतं. कृष्णेच्या पुरात घर गेलेल्या माणसाला त्यामुळे अर्ज करता येतो.

आता नीट वाचा. बहिणीचं लग्न यादीत आहे, भावाचं आहे. कैद्याचं स्वतःचं लग्न त्या यादीत नाही. पन्नास वेळा सांगूनही घरच्यांना हे पटत नाही, कारण माणसाच्या मनाला ते उलटं वाटतं. भावाच्या लग्नाला सोडता आणि स्वतःच्या नाही? प्रश्न रास्त आहे. पण अर्ज तपासणारा अधिकारी नियमाचा कागद पुढे ठेवून बसलेला असतो.

म्हणून रस्ता अगदीच बंद आहे असंही नाही. एप्रिल २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणाऱ्या एका कैद्याला लग्न करण्यासाठी १५ दिवसांचा पॅरोल दिला. न्यायालयात गेली होती त्याची आई आणि त्याच्याशी लग्न करू इच्छिणारी मुलगी. घरचे तिचं लग्न दुसरीकडे लावून देतील, असं तिचं म्हणणं होतं. तिथल्या नियमांतही लग्न हे कारण नव्हतं. असाधारण परिस्थिती म्हणून न्यायालयानं ते मानलं. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये जन्मठेपेच्या एका कैद्याला मुलगा शिक्षणासाठी परदेशी निघाला म्हणून काही दिवस सोडलं. दुःख वाटून घ्यायला पॅरोल मिळतो तर आनंद वाटून घ्यायला का मिळू नये, असा त्या आदेशाचा आशय आहे. दुसऱ्या राज्यातला निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नसतो, पण दाखवता येतो. आपल्या उच्च न्यायालयाचं म्हणणं तर जास्त जोरानं मांडता येतं. तरीही हे निकाल त्या त्या प्रकरणाच्या परिस्थितीवर दिलेले आहेत. त्यांच्या भरवशावर हॉल धरू नका.

आमचा सल्ला : लग्न फर्लोत करा

फर्लोला कारण लागत नाही. ठरावीक काळ प्रत्यक्ष शिक्षा भोगली आणि वागणूक चांगली असली, की घराशी नातं टिकावं म्हणून ही रजा असते. त्या दिवसांत घरी राहून कैद्यानं लग्न केलं तर निव्वळ त्यामुळे अडचण येत नाही. साधारण तीन-चार आठवड्यांचा हा अवधी असतो. शिवाय फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोलचे धरले जात नाहीत, जितके दिवस बाहेर तितकी सुटका पुढे जाते. वाट बघणाऱ्या माणसासाठी हा फरक लहान नाही.

फर्लो हा हक्क मात्र नाही. नियम १७ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. दरोड्यासारख्या काही गुन्ह्यांत ती मिळत नाही, आधीच्या रजेवरून उशिरा परतलेल्याला अडते. म्हणून येताना निकालाची प्रत आणाच. शिक्षा कोणत्या कलमाखाली आहे ते पाहिल्याशिवाय आम्ही "होईल" म्हणणार नाही.

खरी अडचण येते ती पोलीस अहवालात. कैदी जिथं राहणार त्या हद्दीच्या पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. हवालदार गावात येतो, पोलीस पाटलांना विचारतो, शेजाऱ्यांना विचारतो, फिर्यादीच्या घरीही जातो. फिर्यादी त्याच गल्लीत राहत असेल आणि त्यांनी "आमच्या जिवाला धोका आहे" असा जबाब दिला, तर अहवाल प्रतिकूल जातो. त्यांच्याही घरात माणूस गेलेला असतो, त्यांची भीती खोटी धरून चालत नाही. अशा वेळी आम्ही दुसऱ्या तालुक्यातला पत्ता द्यायला सांगतो. मामाचं गाव, थोरल्या बहिणीचं सासर, जिथं खरोखर राहायची सोय आहे असं घर. लग्नही तिथंच, दारात किंवा देवळात. गावातून वरात नाही, डॉल्बी नाही, फटाके नाहीत. हे सगळं अर्जासोबत प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या. शांतता बिघडेल ही शंका जितकी कमी, तितका अहवाल सोपा.

जामीनदार नातेवाईक लागतो, आणि त्यानं कैद्याला घरी ठेवून घ्यायची तयारी दाखवावी लागते. इथं ठरलेल्या नवरीची अडचण होते. साखरपुडा झाला, याद्या झाल्या, ओटी भरली, तरी कायद्याच्या कागदावर ती अजून नातेवाईक नाही. म्हणून जामीनदार मुलाची आई, भाऊ किंवा चुलते असावेत. नवरीनं आणि तिच्या आई-वडिलांनी आपापलं प्रतिज्ञापत्र द्यावं : लग्न आमच्या मर्जीनं ठरलं आहे, शिक्षेची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. साखरपुड्याचे फोटो जोडा. कारागृहात मुलाखतीला, म्हणजे भेटीला, जात असाल तर मुलानं आपल्या भेटीच्या नावांत तिचं नाव द्यायला हवं. नोंदवहीत तिच्या भेटी दिसल्या की ते नातं कागदावर दिसतं.

दिवसांचं गणित

हिंदू विवाह कायद्यानं लग्न करणार असाल तर विधी करा आणि त्याच रजेत नोंदणीही करा. नोंदणीच्या कागदावर नवरा-नवरी दोघांच्या सह्या लागतात, तीन साक्षीदार लागतात. तो परत आत गेला की त्याची सही मिळवायला पुन्हा धावपळ. नुसती नोंदणी करून विधी पुढे ढकलायचे, असंही करू नका. विधी झाले नसतील तर केवळ प्रमाणपत्रानं हिंदू विवाह होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये सांगितलं आहे.

विशेष विवाह कायद्यानं, म्हणजे लोक ज्याला कोर्ट मॅरेज म्हणतात तसं करायचं असेल, तर जास्त सांभाळा. त्यात नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं आणि नोटीस ३ महिने चालते. रजेवर आल्यावर नोटीस दिली तर रजा संपेल, नोटिशीची मुदत संपणार नाही. नोटिशीवर त्याची सही आधी कारागृहातून घ्यावी लागते आणि रजा त्या ३ महिन्यांत पडावी लागते. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्न ठरलं असेल तर अर्जाच्याही आधी आमच्याकडे या.

ताईंसाठी, वेगळं

जिचं लग्न ठरलं आहे तिच्याशी आम्ही थोडा वेळ एकटीशी बोलतो. घरच्यांनी राग मानू नये. तिला काही गोष्टी माहीत असल्या पाहिजेत असं आम्हाला मनापासून वाटतं.

जन्मठेप म्हणजे १४ वर्षं, हा समज चुकीचा आहे. जन्मठेप आयुष्यभराची असते. फाशीही होऊ शकली असती अशा गुन्ह्यात १४ वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सरकार सोडू शकत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. त्यानंतर मुदतपूर्व सुटकेचा विचार होतो, सुटका होईलच असं नाही. लग्न झालं म्हणून शिक्षा कमी होत नाही. उद्या संसार जमला नाही, तर हिंदू विवाह कायद्यात नवरा तुरुंगात आहे एवढ्याच कारणावर घटस्फोट मिळत नाही. विशेष विवाह कायद्यात ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा हे कारण आहे, आणि १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यातही आहे. हे आम्ही मोडता घालायला सांगत नाही. वर सांगितलेल्या त्या मुलीनं हे सगळं ऐकलं, दोन दिवसांनी परत आली आणि म्हणाली, "मला चालतंय, अर्ज करा." पुढच्या वर्षी फर्लोत, मामाच्या गावी, खंडोबाच्या देवळात त्यांचं लग्न लागलं. अंगणात पंगत होती, चाळीसेक माणसं.

अजून शिक्षा झालेली नसेल तर

खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्याला पॅरोलही नाही आणि फर्लोही नाही. सांगली जिल्हा कारागृहात असलेल्या मुलांचे घरचे पॅरोलचं विचारतात, त्यातल्या बहुतेकांना हवा असतो तात्पुरता जामीन. तो कारागृह देत नाही, न्यायालय देतं. तिथं लग्न हे कारण मांडता येतं. न्यायाधीश काही दिवसांचा जामीन देऊ शकतात किंवा पोलीस बंदोबस्तात न्यायला सांगू शकतात. शिक्षा होऊन अपील चालू असेल तर शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागायचा मार्ग वेगळा आहे.

नाही म्हणाले तर

नकाराचा आदेश लेखी घ्या. तोंडी "होत नाही" यावर काहीच करता येत नाही. आदेशात कारण काय लिहिलंय ते आम्ही बघतो. "पोलीस अहवाल प्रतिकूल" एवढंच असेल आणि अहवालात ठोस काही नसेल, तर वर दाद मागता येते, आणि शेवटी उच्च न्यायालयात रिट याचिका. पूर्वी त्यासाठी मुंबईला जावं लागे, रात्रीची गाडी, तिथला मुक्काम. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सांगली, सातारा दोन्ही जिल्हे त्यात आहेत. आई सकाळी भाकरी बांधून निघाली तर संध्याकाळी घरी परत येते.

पैशाची अडचण असेल तर तसं मोकळेपणानं सांगा. कोठडीत असलेल्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असलं तरी, १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. त्यासाठी आमच्याकडेच यायला हवं असं नाही.

परतीचा दिवस

आदेशावर परतीची तारीख आणि वेळ असते. त्या दिवशी पूजा आहे, सोळावा आहे, नवरीचं माहेरपण आहे, हे कारण चालत नाही. एक दिवस उशीर झाला तरी शिक्षेतून मिळालेल्या माफीचे दिवस कापले जातात, पुढची रजा अडते, आणि न परतल्यास नवा गुन्हा दाखल होतो. आम्ही घरच्यांना सांगतो, परतीच्या आदल्या दिवशी दुसरं काहीच ठेवू नका. सांगलीहून कळंब्याला एसटीनं दोन तास धरा आणि सकाळची गाडी पकडा. रजेच्या काळात पोलीस ठाण्यात हजेरी लावायला सांगितली असेल तर लग्नाच्या दिवशीही जायचं. अक्षता पडायच्या आधी जाऊन आलं तर बरं.

येताना निकालाची प्रत, कैदी क्रमांक, आधीच्या रजांचे आदेश, जामीनदाराचं आधार कार्ड आणि घराचा उतारा आणा. दोघांचे जन्माचे दाखलेही लागतील. पत्रिका छापली असेल तरी आणा, नसेल छापली तर थांबा.