गुडघ्यातलं इंजेक्शन आणि टीयूईचा अर्ज: दुखापतीतून परतणाऱ्या खेळाडूंसाठी

चिठ्ठीवर तीनच गोष्टी होत्या: तारीख, ‘इंजे. १ मिली’ आणि खाली एक वेटोळी सही. चिठ्ठी घेऊन आलेला पोरगा कोल्हापुरातल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचा विंगर. उजवा गुडघा महिनाभर सुजलेला, राज्य संघात नाव आलेलं आणि पहिला सामना तीन आठवड्यांवर. कुठलं इंजेक्शन दिलं, असं विचारलं तर म्हणाला, “माहीत नाही सर, दुधासारखं पांढरं होतं.” कुठं दिलं? “गुडघ्यात. आणि एक कमरेवर पण दिलं बहुतेक.”

या ‘बहुतेक’मध्ये दहा दिवस आणि साठ दिवस एवढा फरक आहे. तो कसा, ते खाली येईलच. पण दर हंगामात अशी चिठ्ठी घेऊन कुणी ना कुणी येतं आणि तेव्हा हातात वेळ उरलेला नसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

टीयूई म्हणजे बंदी असलेलं औषध उपचारासाठी वापरायची सूट. नियम वाडाचे, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचे. आपल्याकडे अर्ज घेते आणि निर्णय देते ती नाडा, राष्ट्रीय संस्था. राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूने नाडाकडे अर्ज करायचा, आंतरराष्ट्रीय पातळीवरच्याने आपल्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडे. दोन्हीकडे एकदम पाठवून ‘कुठून तरी होईल’ असं करायचं नाही, ते नियमातच बसत नाही. आणि नाडाने दिलेली सूट परदेशातल्या स्पर्धेत आपोआप चालते असंही नाही, तिथल्या महासंघाची मान्यता वेगळी घ्यावी लागते.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी मोडतो: डॉक्टरांनी लिहून दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूची. पृथ्वी शॉचं आठवत असेल. २०१९ साली खोकल्याच्या औषधात असणारं टर्ब्युटालिन त्याच्या नमुन्यात सापडलं आणि आठ महिन्यांची बंदी आली. खोकला झाला होता आणि औषध घेतलं, हे कुणी नाकारलं नव्हतं. तरी बंदी आलीच.

आता पहिला प्रश्न: अर्जाची गरज आहे का? निम्म्या पोरांना नसते. पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, भूल देण्याचं स्थानिक इंजेक्शन, यांना बंदी नाही. स्वतःच्याच रक्तातून काढलेलं पीआरपी (प्लेटलेट जास्त असलेला रक्ताचा भाग) गुडघ्यात किंवा घोट्यात दिलं तर त्यालाही नाही. ते २०११ पासून बंदीच्या यादीबाहेर आहे. यांच्यासाठी अर्ज भरून स्वतःचा आणि अर्ज तपासणाऱ्या समितीचा वेळ घालवू नका. नाडाचं ‘नो युवर मेडिसिन’ हे अ‍ॅप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून पाहायला दोन मिनिटं लागतात. यादी दर १ जानेवारीला बदलते, त्यामुळे गेल्या वर्षी मोबाइलमध्ये काढून ठेवलेला फोटो दाखवू नका.

अडतं ते स्टेरॉइडच्या इंजेक्शनवर, म्हणजे ग्लुकोकॉर्टिकॉइडवर. पूर्वी सांध्यात दिलेलं चालायचं आणि बऱ्याच डॉक्टरांच्या डोक्यात अजून तेच आहे. १ जानेवारी २०२२ पासून इंजेक्शनने दिलेलं कुठलंही ग्लुकोकॉर्टिकॉइड स्पर्धेच्या काळात बंद आहे, मग ते सांध्यात असो, स्नायूत असो की शिरेत. तोंडाने घ्यायच्या गोळ्याही बंद. मात्र ही बंदी फक्त स्पर्धेच्या काळातली. तो काळ सुरू होतो सामन्याच्या आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी आणि संपतो सामना होऊन नमुना घेण्याचं काम उरकल्यावर. मधल्या दिवसांत घेतलेलं इंजेक्शन गुन्हा नाही. पण औषध शरीरात रेंगाळतं आणि सामन्याच्या दिवशी लघवीत दिसतं, तिथे पोरं सापडतात.

म्हणून वाडाने इंजेक्शन घेतल्यापासून स्पर्धेपर्यंत औषधागणिक थांबायचे दिवस दिले. २०२२ च्या तक्त्याप्रमाणे सांध्यात किंवा सांध्याभोवती दिलेल्या बहुतेक स्टेरॉइडना ३ दिवस, पण ट्रायमसिनोलोन आणि प्रेडनिसोलोनला १०. हेच ट्रायमसिनोलोन, म्हणजे दुकानात केनाकॉर्ट म्हणून मिळतं ते, कमरेवर स्नायूत दिलं तर ६० दिवस. बाटली तीच, सुई टोचायची जागा बदलली की दीड महिन्याहून जास्त फरक. चिठ्ठीवर औषधाचं नाव नसेल आणि कुठे टोचलं तेही नसेल, तर मोजायचं काय? तक्ता पुढेमागे बदलू शकतो, तेव्हा चालू वर्षाचा बघूनच दिवस मोजा.

दुखण्याच्या गोळ्यांत ट्रॅमाडॉल सांभाळा. १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात तेही बंद आहे आणि आपल्याकडे अल्ट्रासेटसारख्या गोळीत पॅरासिटामॉलबरोबर मिसळलेलं असतं. पोराला वाटतं साधी दुखण्याची गोळी घेतली. फोर्टविनच्या इंजेक्शनात पेंटाझोसिन असतं, तेही स्पर्धेच्या काळात बंद.

काही गोष्टींसाठी अर्ज करू का, असं विचारूच नका. हाड लवकर जुळावं, मांडी भरून यावी म्हणून नॅन्ड्रोलोनचं इंजेक्शन देणारे महाभाग अजून आहेत. ‘ताकदीचं आहे’ एवढंच सांगतात. ते स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेर बाराही महिने बंद आहे, सापडलं तर चार वर्षांपर्यंत बंदी येते आणि दुखापत भरून यायला टीयूई मिळेल ही आशा सोडून द्या. इन्स्टाग्रामवर विकतात ते बीपीसी-१५७ पेप्टाइडही तसंच, २०२२ पासून नावानिशी यादीत आहे.

आणि सलाईन. यावर मी किती वेळा भांडलो असेन, देव जाणे. थकवा आला, ताप आला, की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एक बाटली चढवायची, ही आपली पद्धत. नियम असा की १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त काहीही शिरेतून घ्यायला बंदी आहे, बाटलीत नुसतं मीठपाणी असलं तरी. सूट आहे ती रुग्णालयातल्या उपचारादरम्यान, शस्त्रक्रियेत किंवा तपासणीसाठी दिलेल्या सलाईनला. लिगामेंटच्या ऑपरेशनला भरती असताना लावलेली बाटली चालते. दवाखान्यातल्या बाकड्यावर आडवं होऊन घेतलेली चालत नाही. साधी बाटली ५०० मिलीची असते, म्हणजे मर्यादेच्या पाचपट. भरती झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, पुरावा तोच.

आता अर्ज. फॉर्म नाडाच्या संकेतस्थळावर आहे. ज्यांचं अ‍ॅडम्सवर, म्हणजे वाडाच्या ऑनलाइन प्रणालीवर, खातं आहे त्यांनी तिथूनच भरावा. नाव, खेळ, पत्ता, आधीचे अर्ज, हे कुणालाही जमतं. टाइप करा किंवा मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहा. न वाचता येणारा किंवा अर्धवट अर्ज परत येतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. औषधाच्या रकान्यात दुकानातलं नाव नको, मूळ रसायनाचं नाव हवं. मात्रा, कशातून दिलं, दिवसातून किती वेळा, किती दिवस, हे चारही भरा. अठरा वर्षांखालच्यांना पालकांची सही लागते.

डॉक्टरांचा भाग डॉक्टरांनीच भरायचा, नोंदणी क्रमांकासह. आमच्यासारख्या फिजिओची सही तिथे चालत नाही. पोरं गळ घालतात, “सर, तुम्हीच करा ना, ते भेटतच नाहीत.” भेटत नाहीत हे खरं आहे. पण थांबा, रांग लावा, सही त्यांचीच आणा.

यात फिटनेस सर्टिफिकेट जोडायची हौस फार. क्लबने मागितलेलं असतं, हाताशी असतं, म्हणून पोरं तेही टाकतात. अहो, एका कागदावर ‘खेळण्यास पूर्णपणे तंदुरुस्त’ आणि दुसऱ्यावर ‘स्टेरॉइडशिवाय इलाज नाही’. समितीने यातलं खरं काय मानायचं?

ज्या कागदावर निम्मे अर्ज अडतात तो मात्र कुणाकडेच नसतो. समितीला चार गोष्टी पटाव्या लागतात: आजार किंवा दुखापत तपासणीने सिद्ध झालेली आहे आणि त्यावर हे औषध लागतंय, त्याने खेळाडू आपल्या नेहमीच्या तब्येतीपर्यंतच येईल, त्यापुढे जाणार नाही, हा मान्य असलेला उपचार आहे आणि बंदी नसलेला दुसरा चालण्याजोगा पर्याय नाही, आणि ही गरज आधी विनापरवाना घेतलेल्या बंदीच्या औषधामुळे उद्भवलेली नाही. पहिल्या मुद्द्याला एमआरआयचा अहवाल पुरतो. फिल्मचा खिडकीला धरून काढलेला फोटो नव्हे, रेडिओलॉजिस्टने लिहिलेला अहवाल. तिसऱ्या मुद्द्याला लागतं डॉक्टरांचं पत्र: आधी कुठली औषधं दिली, किती दिवस दिली, फिजिओथेरपी किती झाली, त्याने काय फरक पडला किंवा नाही पडला, म्हणून आता हे. असं पत्र आपल्याकडे लिहिण्याची सवयच नाही. ओपीडीत ऐंशी पेशंट बसलेले असतात, डॉक्टर म्हणतात, “मी दिलंय ना औषध, मग पत्र कशाला?” त्यांचंही चुकत नाही. म्हणून मी पोरांना सांगतो, पहिल्या दिवसापासूनचे केसपेपर, बिलं, फिजिओच्या भेटींच्या तारखा एका कागदावर क्रमाने लिहून न्या. समोर ठेवलेल्या तारखांवरून पत्र लिहायला डॉक्टरांना दहा मिनिटं लागतात. ‘पेशंट क्रीडापटू असून त्यास सदर औषधाची आवश्यकता आहे’ एवढ्या एका ओळीच्या पत्राने काहीही सिद्ध होत नाही.

मुदतीचा घोळ दोन आकड्यांमुळे होतो. सामन्याच्या निदान ३० दिवस आधी अर्ज करा, हा एक. समिती २१ दिवसांत निर्णय देते, हा दुसरा. पोरं दुसराच धरून बसतात आणि सामन्याला बावीस दिवस उरले की पाठवतात. ते २१ दिवस अर्ज पूर्ण झाल्यापासून मोजले जातात, तुम्ही पाठवल्यापासून नाही. एक अहवाल कमी पडला, मागवला, तुम्ही तो आठ दिवसांनी दिला, तर मोजणी तिथून सुरू. आणि निर्णय येईपर्यंत औषध सुरू करायचं नाही. ‘अर्ज टाकलाय ना’ हे उत्तर नमुना घ्यायला आलेल्या माणसाला देऊन उपयोग नाही.

मागाहून अर्ज करता येतो, पण मोजक्याच वेळी. जिवावर बेतलेली किंवा तातडीची स्थिती होती, आधी अर्ज करायला खरंच वेळ नव्हता, किंवा खेळाडू राष्ट्रीय पातळीच्या खालचा आहे आणि त्याची चाचणी झाली. आणखी एक वाट आपल्या कामाची आहे: औषध स्पर्धेबाहेर घेतलं, बंदी फक्त स्पर्धेच्या काळातली, थांबायचे दिवसही पाळले आणि तरी नमुन्यात सापडलं. तेव्हाही चारही गोष्टींचे पुरावे लागतातच. म्हणजे अर्जाची गरज नसेल तरी फाइल तयारच हवी.

चाचणीच्या नोंदणीकृत यादीत, म्हणजे चाचणीसाठी रोजचा ठावठिकाणा कळवावा लागतो त्यांच्या यादीत, नाव असलेल्यांनी एक लक्षात ठेवा. प्लास्टर घातलं म्हणजे ठावठिकाणा कळवण्यातून सुटका होत नाही. रोजचा एक तास आणि पत्ता भरावाच लागतो. ऑपरेशनला पुण्यात भरती असाल तर पुण्याचा. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की औषधाचा थेंब न घेताही नियमभंग होतो. दुखापतीला वैतागून ‘निवृत्त झालो’ असं कळवून टाकू नका. तसं कळवून पुन्हा यायचं ठरवलं तर सहा महिने आधी लेखी कळवून चाचणीसाठी उपलब्ध राहावं लागतं. गुडघा त्याआधीच बरा झालेला असतो आणि पोरगा कठड्यावर बसून सामने बघतो.

सूट मिळाली की पत्र नीट वाचा. औषध, मात्रा, मार्ग आणि शेवटची तारीख त्यात असते. मात्रा बदलली तर नवा अर्ज. नाकारली तर कारण लिहिलेलं असतं, अपिलाची वाटही. चाचणीच्या वेळी फॉर्मवर गेल्या सात दिवसांतली औषधं लिहायची असतात, तिथे काही दडवू नका आणि पत्राची प्रत दाखवा.

आमच्या विंगरला मी त्याच दिवशी दवाखान्यात परत पाठवलं. कंपाउंडरने रजिस्टर काढलं. गुडघ्यात ट्रायमसिनोलोन, कमरेवर डायक्लोफिनॅक. म्हणजे साठ नाही, दहाच दिवस, आणि सामना तीन आठवड्यांवर. अर्ज करावा लागला नाही. डॉक्टरांकडून नव्या कागदावर औषध, मात्रा, जागा आणि तारीख लिहून, सही-शिक्का घेऊन तो आला. कागद मी त्याच्या एमआरआयच्या पाकिटात घातला आणि ते पाकीट किटबॅगेत नको, आईकडे दे म्हणून सांगितलं.