एपिस्कोपल चर्चमधले संस्कार

एपिस्कोपल चर्च म्हणजे अमेरिकेतलं अँग्लिकन परंपरेचं चर्च. इथे मोठे संस्कार दोनच मानतात, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, कारण ते थेट येशूने लावून दिले असं धरतात. दृढीकरण (बाप्तिस्म्यातला विश्वास पुढे स्वतः पक्का करणं), विवाह, सेवकपदाची दीक्षा, पापकबुली आणि आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना हे बाकीचे पाच विधीही संस्काराच्याच रांगेतले, पण ते प्रत्येकाने केलेच पाहिजेत असं नाही. कॅथलिक लोक सातही संस्कारच मोजतात, कट्टर प्रोटेस्टंट दोनावर थांबतात, आणि हे लोक नेहमीप्रमाणे मधे.

हे सगळे विधी बुक ऑफ कॉमन प्रेयर ह्या प्रार्थनापुस्तकात दिलेत, सध्या १९७९ची आवृत्ती चालते आणि तिने बरीच उलथापालथ केली. आधी बऱ्याच चर्चमधे रविवारी सकाळची प्रार्थना मुख्य असायची आणि प्रभुभोजन महिन्यातून एकदा वगैरे, आता प्रभुभोजन हीच रविवारची मुख्य उपासना. भाकर किंवा पातळ वेफर, एकाच प्याल्यातला द्राक्षारस, ज्याला थेट प्यायचं नसेल तो वेफर त्यात बुडवून घेतो. नियमाने बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळतं, लहान पोरंसुद्धा घेतात, आणि काही चर्च येईल त्याला देतात ज्यावरून अधूनमधून वाद पेटतो.

पण खरा बदल झाला तो बाप्तिस्म्यात. पाणी डोक्यावर ओतायचं किंवा पाण्यात बुडवायचं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने, आणि मग कपाळावर क्रूस काढतात, हवं तर बिशपने (म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या प्रमुखाने) आशीर्वाद दिलेल्या तेलाने. बाळ असेल तर आईवडील आणि गॉडपेरेंट्स (धर्माचे आईवडील) त्याच्या वतीने वचन देतात. सगळी मंडळी उभी राहून विश्वासाचा मतांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते, प्रश्नोत्तरांत म्हणते, पुढे आणखी पाच प्रश्न येतात, त्यातला शेवटचा न्याय, शांती आणि प्रत्येक माणसाच्या प्रतिष्ठेबद्दल. ह्या सगळ्या प्रश्नोत्तरांना बाप्तिस्म्याचा करार म्हणतात, आणि तो लोकांना इतका भावलाय की चर्चमधल्या कुठल्याही सामाजिक वादात कोणीतरी तो काढतंच. एकदा बाप्तिस्मा झाला की माणूस पूर्ण सभासद, आणि तो पुन्हा करत नाहीत, दुसऱ्या चर्चमधे झालेला असला तरी चालतो. अडचणीच्या वेळी, म्हणजे जिवावर बेतलं असेल तर, बाप्तिस्मा झालेला कोणीही साधा माणूस तो देऊ शकतो.

मग दृढीकरणाचं काय? पूर्वी ते झाल्याशिवाय प्रभुभोजन नाही असा नियम होता, त्यामुळे शाळकरी वयात क्लास करून बिशपकडून डोक्यावर हात ठेवून घ्यायचा, आपल्याकडच्या मुंजीसारखंच काहीसं. गंमत म्हणजे वसाहतींच्या काळात अमेरिकेत बिशपच नव्हता, पाळक व्हायलाही अटलांटिक ओलांडून इंग्लंडला जावं लागायचं, त्यामुळे 'दृढीकरणाची इच्छा आणि तयारी आहे' एवढ्यावर लोकांना प्रभुभोजन मिळायचं. स्वातंत्र्यानंतर इंग्लंडमधे बिशप होताना लागणारी राजनिष्ठेची शपथ घेणं शक्य नव्हतं म्हणून सॅम्युअल सीबरी हे अमेरिकन पाळक १७८४ला स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जाऊन बिशप होऊन आले. आता दाराची राखण बाप्तिस्म्याकडे गेली आणि दृढीकरण म्हणजे मोठेपणी स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करणं एवढंच उरलं. माझ्या मते ह्या विधीला अजून नवीन काम नीट सापडलेलं नाही.

दीक्षेत डीकन (मदतनीस सेवक), प्रीस्ट (पाळक) आणि बिशप असे तीन दर्जे. १९७४ला फिलाडेल्फियात ११ स्त्रियांना परवानगीशिवायच प्रीस्टची दीक्षा दिली गेली, खूप गोंधळ झाला, १९७६च्या चर्चच्या अधिवेशनाने दार उघडलं आणि १९८९ला बार्बरा हॅरिस पहिल्या स्त्री बिशप झाल्या. लग्नासाठी दोघांपैकी एकाचा तरी बाप्तिस्मा झालेला हवा, साधारण ३० दिवस आधी कळवायचं, घटस्फोटितांना बिशपची संमती लागते, आणि २०१५पासून समलिंगी जोडप्यांनाही चर्चमधे लग्न करता येतं. पापकबुलीबद्दल एक म्हण चालते: सगळे करू शकतात, काहींनी करावी, सक्ती कोणालाच नाही. तेल लावण्यासाठी मरणाच्या दारात असायची गरज नाही, ऑपरेशनच्या आधीही बोलावतात.

अंत्यविधी संस्कारांत मोजत नाहीत पण तो ईस्टरचाच, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाचाच, भाग मानतात म्हणून वस्त्रं बहुतेकदा पांढरी. उपासनेआधी शवपेटी बंद करतात आणि वर सहसा चर्चचं कापड घालतात, म्हणजे आत महागडं लाकूड आहे की साधं ते दिसत नाही.

महाराष्ट्राशी ह्या परंपरेचा धागा आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ला इंग्लंडमधल्या वाँटेजला अँग्लिकन चर्चमधेच झाला. इथली अँग्लिकन मंडळी आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत, ज्याची स्थापना २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात झाली. त्यात इतर मिशनांची चर्चही सामील झाली, त्यामुळे तिथे बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी घेतलेला बाप्तिस्मा अशा दोन्ही रीती चालतात.