खून गावातला, तपास शेजारणीचा

हौशी गुप्तहेराची ‘कोझी’, म्हणजे उबदार, घरगुती वळणाची रहस्यकादंबरी आज सगळीकडे मिळते, पण तिचं मूळ दोन महायुद्धांमधल्या इंग्लंडात आहे. पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं बनवून देताना अ‍ॅगाथा ख्रिस्तीला विषांची चांगलीच ओळख झाली. तिच्या पुस्तकांत म्हणूनच रक्ताचा सडा क्वचित. कुणीतरी पेला तोंडाला लावतं आणि संपतं. तिची मिस मार्पल १९२७ साली एका मासिकातल्या कथेत आली, कादंबरीत १९३० साली. लोकरीचं विणकाम करणारी अविवाहित म्हातारी. हा माणूस आपल्या गावातल्या अमक्यासारखा वागतोय, एवढ्यावर ती खुनी ओळखते. ‘कोझी’ हे लेबल बरंच नंतरचं; अमेरिकेत या लेखनाचा वार्षिक मेळावा १९८९ पासून भरतो.

या प्रकाराची एक अट सहसा कुणी बोलून दाखवत नाही. पोलीस मठ्ठ असले तरी चालतील, पण भरवशाचे हवेत, कारण शेवटी खुनी त्यांच्याच हवाली करायचा असतो.

आता १९३० चंच सोलापूर घ्या. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, गोळीबार झाला, पोलीस निघून गेले आणि काही दिवस कारभार लोकांनीच चालवला. मग मार्शल लॉ आला. पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. अशा गावात इन्स्पेक्टरला चहा पाजणारी नायिका कुणाला पटणार? पुढे मराठीत गाजले ते बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, म्हणजे पोलिसांना गुंगारा देऊन न्याय करणारे. मराठीत ‘कोझी’ रुजली नाही, त्याचं एवढं एकच कारण नसेल, पण मला ते मोठं वाटतं.

बाकी सामग्री सोलापुरात भरपूर आहे. पूर्व भागात गिरणीवर दळण घेऊन उभी असलेली बाई तेलुगूत ऐकते, कन्नडमध्ये खात्री करते आणि मराठीत चौकशी करते. रात्रपाळीचा यंत्रमाग मध्येच थांबला की पलीकडच्या घरात झोपलेल्यांना जाग येते: वीज तर आहे, मग खटखट का बंद? मिस मार्पलला गावभर हिंडून जे कळायचं, ते इथे अंथरुणात पडल्यापडल्या कळतं. फौजदाराकडे जायचं की नाही, हे मात्र आधी घरात ठरेल.