छोट्या मच्छीमार बोटीचं वायरिंग : दुरुस्ती आणि मांडणी

कोकण किनाऱ्यावरच्या लाकडी किंवा फायबरच्या छोट्या इंजिनवाल्या बोटींवरची वीज बहुतेक १२ व्होल्ट डीसी असते, इंजिन मोठं असेल तर २४. इंजिनाचा अल्टरनेटर बॅटरी चार्ज करतो आणि बॅटरीवर स्टार्टर, बाहेरचे दिवे, केबिनचा बल्ब, तळातलं पाणी उपसणारा पंप, जीपीएस, फिश फाइंडर (मासे शोधायचं यंत्र), व्हीएचएफ रेडिओ असं सगळं चालतं. मोठी दुरुस्ती काढायची वेळ म्हणजे पावसाळी मासेमारी बंदी, जी महाराष्ट्रात १ जूनला सुरू होते, कारण तेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि इंजिनाचं काम तसंही निघालेलं असतं. वायरिंगचा नंबर मात्र सगळ्यात शेवटी लागतो, रंगाच्याही नंतर.

बिघाडाचं मूळ म्हणजे खारं पाणी आणि इंजिनाची थरथर. घरगुती वायरिंगची साधी तांब्याची वायर बोटीत घातली की उघड्या टोकातून खारा ओलावा बारीक तारांमधून आत आत चढत जातो, वरून इन्सुलेशन अगदी नवंकोरं दिसतं आणि सोलून बघावं तर तांबं काळं पडलेलं, अजून थोडं सोललं तरी काळंच. अशा काळ्या तांब्यावर नवीन जोड मारून उपयोग नसतो, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जायचं नाहीतर पूर्ण वायरच बदलायची. म्हणून कथिलाचा मुलामा दिलेली, बारीक तारांची वायर घेतात. एकाच जाड तारेची वायर थरथरीने तुटते, ती बोटीत घालूच नये.

जाडीच्या बाबतीत लोक फार कंजुषी करतात. १२ व्होल्टवर अर्धा-एक व्होल्ट गेला तरी तो जाणवतो. समजा बॅटरीपासून १० मीटरवरच्या दिव्यांना मिळून ५ अँपियर लागतात, तर जायची-यायची मिळून वायर झाली २० मीटर, ती १.५ चौरस मिलिमीटरची असेल तर साधारण १.१ व्होल्ट वाटेतच जातो, ४ ची घातली तर ०.४ च्या आसपास. साध्या बल्बचं व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड जवळपास ३० टक्के कमी होतो. समुद्रावरच्या टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १२ मीटरपेक्षा लहान बोटीचा डावीकडचा लाल आणि उजवीकडचा हिरवा दिवा निदान १ सागरी मैलावरून दिसायला हवा, ट्रॉलिंग (जाळं पाण्यातून ओढत नेणं) चालू असेल तर वर हिरवा खाली पांढरा, बाकीच्या जाळ्यांना वर लाल खाली पांढरा. ह्या दिव्यांवरूनच समोरचं जहाज आपल्याला ओळखतं, त्यामुळे मिणमिणता दिवा म्हणजे ‘चालतोय की’ असं समजण्यात अर्थ नाही.

बिघाड शोधताना आधी निगेटिव्ह बाजू बघावी, सगळे पॉझिटिव्हच तपासत बसतात. मल्टीमीटर घ्या, दिवा चालू ठेवा (बंद ठेवून मोजलं तर खराब जोडसुद्धा पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, ह्यात भलेभले वायरमन फसतात), आणि एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं दिव्याच्या निगेटिव्हवर धरा. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं, अर्धा व्होल्ट दाखवला तर वाटेत कुठेतरी जोड सडलाय किंवा वायर बारीक पडतेय. जोड पिळून त्यावर काळी टेप मारायची पद्धत सगळीकडे दिसते पण टेप ओलावा आत धरून ठेवते. थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) नीट क्रिम्प करून, म्हणजे पकडीने दाबून, वर आतून गोंद असलेली स्लीव्ह गरम करून बसवायची, हे खरं काम. नुसत्या सोल्डरवर विसंबू नये, सोल्डर संपतं तिथे वायर कडक होते आणि थरथरीने तिथेच तुटते.

मांडणीत पहिलं काम म्हणजे जुन्या मेलेल्या वायरी बाहेर काढणं. दर सीझनला एक नवीन वायर ओढायची आणि जुनी तशीच सोडायची, असं करत करत केबिनच्या मागे असं जंजाळ होतं की रात्री समुद्रात पंप बंद पडला तर तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) टॉर्च धरून काय शोधायचं? मेन फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ असावा, कारण बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला शॉर्टपासून कोणी वाचवणारा नसतो. पुढे एक पॅनल, प्रत्येक लाइनला तिच्या वायरला झेपेल असा वेगळा फ्यूज, सगळ्या निगेटिव्ह एका बसबारवर (वायरी एकत्र जोडायच्या धातूच्या पट्टीवर) आणि दोन्ही टोकांना लेबल. पेनने लिहिलेलं पुसतं, लेबलवर पारदर्शक स्लीव्ह चढवली की टिकतं. वायरी पाण्याच्या पातळीपासून वर न्यायच्या, जागोजागी क्लिपने बांधायच्या, आणि पॅनलमध्ये शिरण्याआधी थोडा खाली झोल द्यायचा म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, आत जात नाही.

ऑटोमॅटिक फ्लोट स्विचचा (पाणी चढलं की आपोआप चालू होणारा) पंप मेन स्विचच्या आधीच, स्वतःच्या फ्यूजवर घेतात, कारण मेन बंद करून सगळे घरी गेले तरी पंप चालला पाहिजे. पण ह्या लाइनमध्ये कायम करंट असतो, आणि तिचा जोड तळातल्या खाऱ्या पाण्यात बुडाला तर गळणारा करंट पाण्याखालचं धातूकाम, म्हणजे शाफ्ट, पंखा, व्हॉल्व्ह, त्यांच्याऐवजी आधी झिजावा म्हणून लावलेल्या झिंकच्या तुकड्याला न जुमानता झपाट्याने खातो. झिंक एकाएकी लवकर संपायला लागलं तर आधी ह्या पंपाचा जोड उघडून बघावा.